खोटं अक्षर कुणाकुणानं उचललं? सोलापुरातल्या एका एआरटी रुग्णाचं प्रकरण

रुग्ण : पुरुष, वय ५४, सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या यंत्रमागावर काम. वजन ५२ किलो. एचआयव्हीचं निदान २००७ मध्ये, तेव्हापासून सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रातून, औषधं, मध्ये खंड नाही. मे २०२३ मध्ये तक्रार घेऊन आले ती मांड्या आणि कंबर दुखण्याची, जिना चढताना पाय भरून येण्याची. नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात वाढणारा पदार्थ) १.९.

एवढ्या नोंदीवर निर्णय घ्यायचा तर तो दोन मिनिटांत होतो. मूत्रपिंडाला बाधू शकणारं टेनोफोविर हे एचआयव्हीवरचं औषध चालू आहे, क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे टेनोफोविर बंद आणि त्याजागी त्याच गटातलं अबाकाविर. ढोबळ नियम हाच आहे, आणि ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असताना तोच आधी सुचतो. या रुग्णाच्या बाबतीत तसं केलं असतं तर एचआयव्ही आटोक्यात राहिला असता आणि यकृत धोक्यात आलं असतं.

न्यूक्लिओसाइड गटातली औषधं नेमकं काय करतात हे डोक्यात पक्कं असेल तर अशा वेळी पेन थांबतं. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एचआयव्हीबाधिताची ओळख त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ चा कायदा मनाई करतो, आणि कायदा नसता तरी सोलापूर काही एवढं मोठं गाव नाही. त्यांना इथे काका म्हणू. केंद्रातही सगळे तेच म्हणतात.

पांढऱ्या उपचार-कार्डावरची सोळा वर्षं

काका पहिल्यांदा आले तेव्हा वजन ४१ किलो आणि सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या पांढऱ्या पेशींची संख्या, ११८. देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली होती, आणि त्या काळात सीडी४ २०० च्या खाली गेल्याशिवाय साधारणपणे औषध सुरू होत नसे. त्यांना मिळाली ती स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरापिन यांची एकत्र गोळी. यातली पहिली दोन न्यूक्लिओसाइड गटातली. नेव्हिरापिनची जात वेगळी, ते बाजूला ठेवू.

एचआयव्हीचा सगळा ऐवज सुमारे ९,७०० अक्षरांच्या आरएनएत मावतो. आपल्या पेशीत शिरल्यावर त्याला या आरएनएवरून डीएनए बनवावा लागतो, कारण आपल्या गुणसूत्रात घुसायचं तर डीएनएच हवा. हे उलट्या दिशेचं काम करणारं एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, विषाणू स्वतःबरोबर घेऊन येतो. अशा प्रकारचं एन्झाइम असतं हे हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये वेगवेगळं काम करून दाखवलं. तेव्हा एचआयव्हीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. १९७५ चं नोबेल त्यांना मिळालं.

डीएनएची साखळी एका वेळी एकेक अक्षर जोडत वाढते. प्रत्येक अक्षरात एक साखर असते, आणि त्या साखरेच्या तिसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट. पुढचं अक्षर जोडलं जातं ते याच गटाला. न्यूक्लिओसाइड औषधं म्हणजे दिसायला खऱ्यासारखी, पण नेमका हा गट नसलेली अक्षरं. झिडोव्ह्युडीनमध्ये त्या जागी अझाइड आहे, स्टॅव्ह्युडीनमध्ये शेजारच्या कार्बनशी दुहेरी बंध, लॅमिव्ह्युडीनमध्ये कार्बनच्याच जागी गंधकाचा अणू. टेनोफोविरमध्ये तर साखरेचं कडंच नाही. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे खोटं अक्षर उचलतं, साखळीत बसवतं, आणि साखळी तिथेच संपते. अर्धवट डीएनए गुणसूत्रात शिरू शकत नाही. पेशी वाचते.

आमच्या समुपदेशक मॅडमनी हे काकांना एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे धागा तुटला, आन् गाठ मारायला टोकच ठेवलं न्हाई. माग बंद पडलाच की ओ मॅडम.’’ एमडीच्या परीक्षेत मी याहून लांब आणि कमी नेमकी उत्तरं ऐकली आहेत.

आता प्रश्न असा की हेच खोटं अक्षर आपल्या स्वतःच्या पेशी का उचलत नाहीत. गुणसूत्रांचा डीएनए बनवणारी आपली मुख्य एन्झाइमं निवडक असतात, आणि चुकीचं बसलेलं अक्षर कापून काढायची सोय त्यांच्याकडे असते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजकडे ती सोय नाही. त्या निष्काळजीपणामुळेच विषाणू चुका करत करत रूपं पालटतो, आणि औषधाला शिरकाव मिळतो तोही तिथूनच. पण आपली सगळीच एन्झाइमं सारखी निवडक नाहीत. काकांच्या फाइलमध्ये हे ओळीनं दिसतं.

२०१० च्या सुमारास त्यांचे गाल बसले, हातांच्या शिरा उठून दिसायला लागल्या, तळपायाची आग होऊ लागली. सीडी४ तोवर चारशेच्या वर गेलेला. म्हणजे हे विषाणूचं काम नव्हतं, स्टॅव्ह्युडीनचं होतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो बनवणारं पॉलिमरेज गॅमा नावाचं एन्झाइम स्टॅव्ह्युडीनचं अक्षर उचलतं. चरबीच्या पेशी आणि लांबलचक चेता यांना त्याची झळ आधी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं होतं. जीव वाचवणाऱ्या औषधानं अशी खूण चेहऱ्यावर उमटवावी की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखावं, हा त्या काळातल्या रुग्णांवर झालेला वेगळाच अन्याय होता. काका दाढी वाढवून ती झाकायचे.

२०१२ मध्ये स्टॅव्ह्युडीनच्या जागी झिडोव्ह्युडीन आलं. या घराण्यातलं हे सर्वांत जुनं. जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत ते कर्करोगासाठी बनवलं, तिथे उपयोग झाला नाही, आणि ते पडून राहिलं. १९८५ मध्ये प्रयोगशाळेत ते एचआयव्हीवर चालतं असं दिसलं आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एचआयव्हीवरचं ते पहिलं मान्यताप्राप्त औषध. सुरुवातीला ते दर चार तासांनी घ्यावं लागे, रात्री उठूनसुद्धा.

हे वेळापत्रक समजून घ्यायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गोळीतलं औषध जसंच्या तसं कामाचं नसतं. आपल्याच पेशीतली कायनेज एन्झाइमं त्याला एकामागून एक तीन फॉस्फेट लावतात, मगच ते साखळीत बसण्याजोगं होतं. त्यामुळे रक्तात औषध किती आहे यापेक्षा पेशीत तयार झालेलं रूप किती वेळ टिकतं याला महत्त्व. रक्तातलं झिडोव्ह्युडीन साधारण तासाभरात निम्मं होतं, पेशीतलं रूप त्याहून बरंच जास्त टिकतं. हे कळल्यावर दिवसातून दोन वेळा पुरेशा ठरल्या. झिडोव्ह्युडीनची अडचण दुसऱ्या फॉस्फेटला येते. ते काम करणारं एन्झाइम संथ पडतं, आणि एक फॉस्फेट लागलेलं अर्धं-कच्चं रूप पेशीत साचतं. अस्थिमज्जेत ज्या पेशी झपाट्यानं विभागतात त्यांना ते बाधतं, असं एक स्पष्टीकरण आहे. काकांचं हिमोग्लोबिन १०.८ वरून काही महिन्यांत ७.२ वर आलं. एक बाटली रक्त चढवावं लागलं.

२०१३ मध्ये टेनोफोविर सुरू झालं, सोबत लॅमिव्ह्युडीन आणि वेगळ्या गटातलं एफाविरेन्झ. टेनोफोविरचा रेणू प्रागमधल्या आंतोनिन होली यांच्या प्रयोगशाळेतला. त्याची खुबी अशी की पहिल्या फॉस्फेटचं काम करणारा गट रेणूत आधीच जोडलेला आहे, पेशीला उरलेले दोनच लावावे लागतात. पहिली पायरीच बहुधा सगळ्यांत अवघड असते, ती टळते. पेशीत तयार झालेलं रूप काही दिवस टिकतं, म्हणून दिवसाला एक गोळी पुरते. पॉलिमरेज गॅमा त्याला फारसं हात लावत नाही. काकांचं हिमोग्लोबिन तेरावर गेलं, गाल मात्र पूर्ण भरले नाहीत. २०२१ मध्ये एफाविरेन्झ जाऊन डोल्युटेग्राविर हे आणखी एका गटातलं औषध आलं, आणि तिन्ही मिळून टीएलडीची एक गोळी झाली.

लॅमिव्ह्युडीनचा उल्लेख ओझरता येतोय, कारण सोळा वर्षांत त्याच्याबद्दल काकांनी एकही तक्रार केली नाही. नैसर्गिक अक्षराचं आरशातलं रूप वापरून ते बनवलेलं आहे. विषाणूचं एन्झाइम त्या उलट्या रूपाला फसतं, आपलं पॉलिमरेज गॅमा सहसा फसत नाही. सज्जन औषध. पण त्याचा एक दोष आहे, तो पुढे येईल.

पट्टीवरचा रंग

मे महिन्यातलं सोलापूर, तापमान बेचाळीसच्या पुढे, त्यात पत्र्याच्या छताचा कारखाना. क्रिएटिनिन १.९ म्हटल्यावर पहिला संशय पाण्याचा. दुसरा डोल्युटेग्राविरचा. हे औषध मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकणाऱ्या एका वाहक प्रथिनाला अडवतं, त्यामुळे आकडा ०.१-०.२ नं वाढतो, गाळण्याचं काम मात्र बिघडत नाही. काकांचं क्रिएटिनिन २०२१ मध्ये गोळी बदलल्यावर ०.९ चं १.१ झालं होतं, ते याच हिशेबात बसतं. १.९ बसत नाही. वय, वजन आणि क्रिएटिनिन घालून गाळण्याचा वेग काढला तर मिनिटाला ३३ मिलिलिटर येतो. २०२१ मध्ये औषध बदलण्याआधी तो ७२ होता.

लघवीची पट्टी बुडवली. प्रथिनाचा चौकोन किंचित हिरवट झाला. साखरेचा चौकोन हिरव्यावरून तपकिरीकडे गेला. तंत्रज्ञ म्हणाला, ‘‘सर, काकांना शुगर निघाली.’’ बोटातून रक्त घेतलं तर साखर १०४.

सगळं प्रकरण या दोन निकालांमधल्या विसंगतीत आहे. मूत्रपिंडाच्या चाळणीतून साखर रोजच खाली येते, पण लगेच पुढच्या नळीच्या पहिल्या भागात ती पुरती परत शोषली जाते. रक्तातली साखर ठीक असूनही ती लघवीत उतरत असेल तर तो नळीचा भाग काम सोडून बसलाय असा अर्थ. त्याच जागी फॉस्फेटही परत घेतलं जातं. रक्तातलं फॉस्फेट मागवलं, ते १.८ निघालं, २.५ च्या वर असायला हवं होतं. युरिक आम्लही कमी. टेनोफोविर मूत्रपिंडाला त्रास देतं तेव्हा हेच चित्र दिसतं.

टेनोफोविर नेमकं तिथेच का साचतं? नळीच्या त्या पेशी रक्तातलं टेनोफोविर वाहक प्रथिनांनी आत ओढून घेतात आणि दुसऱ्या बाजूनं लघवीत सोडतात. शरीरातून ते बाहेर काढायचा एक मार्गच तो आहे. आत ओढणं जोरात आणि बाहेर सोडणं मंद झालं की त्या पेशींत औषध तुंबतं, आणि या पेशींचं सगळं काम मायटोकॉन्ड्रियांवर चालतं. स्टॅव्ह्युडीनसारखं सगळ्या शरीरभर नाही, पण या एका कोपऱ्यात टेनोफोविरही त्या दिशेला जातं.

पण मग दहा वर्षं काही झालं नाही, आताच का?

मॅडमनी काकांना पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. हिरवं पुस्तक, टीएलडीची बाटली, शेंगाच्या चटणीची पुडी, आणि कात्रीनं कापलेली गोळ्यांची एक पट्टी. पट्टीवर नावाचा अर्धाच भाग उरला होता, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात डायक्लोफेनॅक वाचता येत होतं.

‘‘ही कधीपासून घेताय काका?’’

‘‘दुखायलंय म्हणून घ्यायलोय की ओ. कारखान्याशेजारच्या मेडिकलवाल्याकडनं. सकाळी एक, रात्री एक.’’

‘‘त्याला आपल्या गोळीचं सांगितलं होतं का?’’

काका नुसते हसले. कारखान्याशेजारच्या माणसाला ते सांगणार नव्हतेच, आणि यात त्यांना दोष देता येत नाही.

डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. पाणी कमी पडलेल्या शरीरात जास्तच. टेनोफोविरसोबत ही औषधं नियमानं घेतली की मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो, हे नोंदवलेलं आहे. पण काकांच्या बाबतीत गोष्ट मला याच्या एक पाऊल अलीकडे सुरू झालेली वाटते. फॉस्फेट लघवीतून वाहून गेलं की हाडं मऊ पडतात आणि स्नायू दुबळे होतात. मांड्या आणि कंबर दुखणं, जिना न चढवणं, हे त्याचंच लक्षण. म्हणजे नळीला इजा झाली, त्यानं दुखायला लागलं, दुखण्यावर जी गोळी घेतली तिनं इजा वाढवली. बाहेरून बघणाऱ्याला हा उभं राहून काम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाचा साधा पाठीचा त्रास वाटला असता. सुरुवात नेमकी कुठे झाली ते सिद्ध करता येणार नाही, कारण दुखणं सुरू होण्याआधीचं फॉस्फेट कुणी मोजलेलं नाही.

अबाकाविरवर थांबलेलं पेन

टेनोफोविर थांबवायचं हे नक्की झालं. अबाकाविर मूत्रपिंडाला जड जात नाही. एचएलए-बी ५७:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, एवढं सांभाळायचं. एचआयव्हीपुरतं पाहिलं तर तेवढीही गरज नव्हती. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडत नव्हता, औषधं कधी निकामी ठरली नव्हती, अशा रुग्णाला डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्ह्युडीन ही दोनच पुरतात.

फाइलमध्ये हेपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूसंसर्गाच्या तपासणीची नोंद सापडली नाही, म्हणून निर्णयाआधी ती केली. पॉझिटिव्ह आली.

हेपॅटायटिस बीचा विषाणू स्वतः डीएनएचा. पण आपली प्रत काढताना तो आधी आरएनए बनवतो आणि मग त्या आरएनएवरून परत डीएनए. म्हणजे त्याच्याकडेही उलट्या दिशेनं काम करणारं एन्झाइम आहे, आणि तेही खोटी अक्षरं उचलतं. सगळी नाही. स्टॅव्ह्युडीन, झिडोव्ह्युडीन, अबाकाविर यांचा त्याच्यावर उपयोगाचा परिणाम नाही. लॅमिव्ह्युडीन आणि टेनोफोविर दोन्ही चालतात. काकांच्या कार्डावर दहा वर्षं एचआयव्हीसाठी म्हणून लिहिलेलं टेनोफोविर दुसऱ्या एका विषाणूलाही गुपचूप दाबून होतं. बीचा डीएनए मोजला, सापडला नाही. एसजीपीटी ३४. यकृत व्यवस्थित.

म्हणून तर पेन थांबायला हवं. औषधानं बीचा विषाणू संपत नाही. यकृतपेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए टिकून राहतो. दाब काढला की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो उसळतो, आणि कधीकधी ती उसळी यकृत निकामी होण्यापर्यंत जाते. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडीन या दोन्हींच्या माहितीपत्रकात याचा ठळक इशारा असतो. पण लॅमिव्ह्युडीन तर चालूच राहणार होतं, मग बिघडलं कुठे?

इथे लॅमिव्ह्युडीनचा तो दोष येतो. एचआयव्हीला त्याच्या तावडीतून सुटायला एकच बदल पुरतो : रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमध्ये १८४ व्या जागी मेथिओनिन जाऊन व्हॅलिन येणं. ही जागा एन्झाइमच्या ऐन गाभ्यात आहे. टायरोसिन, मेथिओनिन, ॲस्पार्टेट, ॲस्पार्टेट या क्रमाचा चार अमिनो आम्लांचा तुकडा, ज्याच्यावाचून अक्षर जोडण्याचं कामच होत नाही. हाच तुकडा, याच क्रमानं, हेपॅटायटिस बीच्या एन्झाइममध्ये आहे. तिथे त्या मेथिओनिनचा क्रमांक २०४. तिथेही व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन आलं की लॅमिव्ह्युडीन संपलं. दोन परक्या विषाणूंनी एकाच औषधापासून सुटायला एकच वाट काढावी, हे मला आजही थक्क करतं.

गंमत अशी की एचआयव्हीला हा बदल महाग पडतो. असा विषाणू थोडा अशक्त होतो, आणि टेनोफोविर व झिडोव्ह्युडीनला जास्त दाद देतो. म्हणून हा बदल झाल्यावरही लॅमिव्ह्युडीन चालू ठेवण्यात अर्थ असतो. बीच्या बाबतीत असा दिलासा नाही. बीसाठी एकट्या लॅमिव्ह्युडीनवर चार-पाच वर्षं राहिलेल्या, एचआयव्ही आणि बी दोन्ही असलेल्या बहुतेक रुग्णांत त्याला प्रतिकार तयार होतो. आता पांढरं कार्ड पुन्हा वाचा. २००७ ते २०१३, आधी स्टॅव्ह्युडीनसोबत आणि मग झिडोव्ह्युडीनसोबत, बीवर चालणारं औषध काकांना एकच मिळत होतं. ते लॅमिव्ह्युडीन. तेव्हा बीचा संसर्ग होता का, ते कागदावर नाही. तरी तो जुना धरूनच चालावं लागतं, आणि मग लॅमिव्ह्युडीनच्या भरवशावर यकृत सोडता येत नाही.

उरलं एन्टेकाविर. तेही न्यूक्लिओसाइड, बीसाठीचं चांगलं औषध. पण लॅमिव्ह्युडीनला प्रतिकार असलेल्या विषाणूला एन्टेकाविरच्या तावडीतून सुटायला अर्धं अंतर आधीच कापलेलं असतं. डोस दुप्पट करूनही काही वर्षांत ते डळमळतं.

मग टेनोफोविरच, पण दुसऱ्या वाटेनं

गोळीत टेनोफोविर नुसतं नसतं. नुसतं टेनोफोविर विद्युतभारामुळे आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्याला रासायनिक आवरण जोडलेलं असतं. टीएलडीमधलं आवरण डिसोप्रॉक्सिल. ते रक्तात येता येताच सुटतं, आणि मोकळं टेनोफोविर शरीरभर, मूत्रपिंडातही, फिरतं. अलाफेनामाइड हे दुसरं आवरण रक्तात बऱ्यापैकी टिकतं आणि पेशीच्या आत गेल्यावर सुटतं. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत ते कॅथेप्सिन ए हे एन्झाइम सोडवतं, यकृताच्या पेशीत मुख्यतः कार्बॉक्सिलएस्टरेज १. औषध हवं तिथे, म्हणजे एचआयव्हीच्या आणि बीच्या घरातच मोकळं होतं. म्हणून ३०० ऐवजी २५ मिलिग्रॅम पुरतात, आणि रक्तातलं मोकळं टेनोफोविर सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतं. मूत्रपिंडाच्या नळीला ओढून घ्यायला तेवढंच कमी मिळतं.

प्रकरण सॅसेपकडे, म्हणजे राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीकडे पाठवलं. उत्तर येईपर्यंत आणि अलाफेनामाइड हातात पडेपर्यंत काय द्यायचं, हा मधला प्रश्न होता. टीएलडी थांबवली. डोल्युटेग्राविर ५० आणि लॅमिव्ह्युडीन सुटं, १५० मिलिग्रॅम रोज, दिलं. गाळण्याचा वेग ५० च्या खाली असताना लॅमिव्ह्युडीनचा डोस कमी करायचा असतो, आणि तीन औषधांच्या एका गोळीत ते जमत नाही. मध्ये अबाकाविर घालण्याचा विचार झाला. मी तो सोडला. थोड्या दिवसांसाठी नवं औषध देऊन ताप किंवा पुरळ आलं असतं तर आणखी एक कोडं अंगावर घेतलं असतं. एचआयव्हीला दोन औषधं पुरत होती, आणि बीपुरतं पाहिलं तर पेशींत साठलेलं टेनोफोविर लगेच संपत नाही, उसळीही दुसऱ्या दिवशी येत नाही. समितीला हे पटलं. अलाफेनामाइड दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं.

डायक्लोफेनॅक बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. खुब्याच्या एक्स-रेमध्ये हाड तडकलेलं दिसलं नाही. पाण्याचं सांगणं सोपं असतं, पत्र्याखाली बारा तासांच्या पाळीत ते पाळणं अवघड. काकांनी शेवटी मुकादमाला ‘मुतखडा झालाय’ असं सांगून मागाशेजारी पाण्याचा कॅन ठेवायची परवानगी काढली. खोटं निदान, पण उपचार बरोबर.

जूनअखेर पट्टीवरची साखर गेली. फॉस्फेट २.७. क्रिएटिनिन १.५ झालं, दिवाळीपर्यंत १.३. गाळण्याचा वेग ४८ च्या आसपास येऊन थांबला. मी यापेक्षा जास्त सुधारणेची आशा धरली होती, पण टेनोफोविरच्या इजेनंतर मूत्रपिंड पूर्वपदावर येतंच असं नाही. १.३ मधला थोडा वाटा डोल्युटेग्राविरच्या निरुपद्रवी वाढीचाही आहे. मांड्यांचं दुखणं पावसाळ्यात कमी झालं. जिना आता ते न थांबता चढतात. मला दाखवण्यासाठी एकदा दोनदा चढून आले.

काकूंची तपासणी केली. एचआयव्ही त्यांनाही आहे आणि त्यांचीही औषधं चालू आहेत. बी निगेटिव्ह आला, लस सुरू केली.

सहा महिन्यांनी एसजीपीटी नेहमीसारखं, बीचा डीएनए सापडला नाही, एचआयव्हीचा व्हायरल लोडही नाही. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, फॉस्फेट आणि लघवीची पट्टी. दर सहा महिन्यांनी बीचा डीएनए. गाळण्याचा वेग ३० च्या खाली घसरला तर अलाफेनामाइडचाही फेरविचार करावा लागेल आणि एन्टेकाविरकडे वळावं लागेल : लॅमिव्ह्युडीन घेतलेल्यांसाठीचा १ मिलिग्रॅमचा डोस धरून, तोही मूत्रपिंडाच्या हिशेबानं कमी करून. आणि ते एचआयव्हीची पूर्ण औषधं चालू असतानाच. २००७ मध्ये लक्षात आलं की एन्टेकाविर एचआयव्हीवरही थोडं चालतं, आणि एकटं दिलं तर १८४ व्या जागचा तोच बदल घडवून आणतं. कार्डाच्या पहिल्या पानावर ‘हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, टेनोफोविर पूर्ण बंद करू नये’ असं लाल शाईत लिहिलंय, खाली एन्टेकाविरची ही ओळ. केंद्रातले डॉक्टर बदलत राहतात.